तिसरं मूल जातं कुठं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: महाराष्ट्रात निवडणुकीला आणि सरकारी नोकरीला दोन अपत्यांची अट वीस वर्षांहून जास्त काळ आहे, तिचा समाजावर काय परिणाम झाला? आणि उद्या हीच अट देशभर, रेशनपासून घरकुलापर्यंत सगळ्याला लावली तर काय होईल? तुमच्या मित्रांमध्ये यावरून वाद पेटलाय आणि निम्मे जण चीनचा दाखला देतायत, असंही तुम्ही लिहिलंय. मग अगदी शेवटी, जाता जाता टाकल्यासारखं एक वाक्य आहे: "आमची वहिनी ग्रामपंचायत सदस्य आहे, तिला तिसऱ्यांदा दिवस गेलेत, घरात नाना सल्ले चाललेत."

खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे असं मला वाटतं. त्याच्याकडे येतोच, पण वाटेतल्या गोष्टी सांगितल्याशिवाय ते उत्तर पटणार नाही.

देशाची लोकसंख्या किती असावी यावर बोलायला मी योग्य माणूस नाही. मुलांची संख्या ही एखाद्या गोष्टीसाठी पात्रतेची अट झाली की घरात, भावकीत आणि कागदावर काय काय हलतं, ते मात्र मी रोज बघतो. मी जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करतो आणि ग्रामपंचायतीच्या अपात्रतेची प्रकरणं हे माझ्या पोटापाण्याचं एक मोठं साधन आहे. दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय. तिसरं मूल शोधून काढायचे पैसे घेतलेत, आणि "ते मूल आमचं नाहीच" म्हणणाऱ्यांचंही वकीलपत्र घेतलंय. तेव्हा मी काही फार सोवळा माणूस नाही, हे धरून पुढचं वाचा.

आधी नियम काय तो बघू, कारण निम्मा वाद नियम माहीत नसल्यामुळे होतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ (१) (ज-१) प्रमाणे दोनपेक्षा जास्त अपत्यं असलेली व्यक्ती सदस्य होऊ शकत नाही, आणि सदस्य असताना तिसरं झालं तर सदस्य राहू शकत नाही. ही तरतूद १३ सप्टेंबर २००० ला आली आणि पुढं एक वर्षाची सवलत होती, म्हणून आम्ही सगळे १२ सप्टेंबर २००१ ही तारीख धरून चालतो. त्याआधीची मुलं कितीही असोत, त्यानंतर आकडा वाढला नाही म्हणजे झालं. पहिल्या एका मुलानंतर जुळं झालं तर ते एकच धरतात. दत्तक घेतलेलं मूल मोजत नाहीत. दत्तक दिलेलं मात्र मोजतात. ओडिशातल्या एका सरपंचाने "तिसरं मूल आम्ही दत्तक देऊन टाकलंय" म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत धडक मारली, तेव्हा २०१८ मध्ये न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, महापालिका यांनाही अशीच अट आहे. सरकारी नोकरीत लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन द्यावं लागतं. ते नियम २००५ चे आणि त्यातली महत्त्वाची तारीख २८ मार्च २००६. असा कायदा घटनेत बसतो का, या प्रश्नाचा निकाल हरियाणाच्या प्रकरणात २००३ सालीच लागलाय: बसतो. त्यामुळे कोर्टात जाऊन अटच उडवून लावू, असं कुणी सांगत असेल तर त्याला फी देऊ नका.

आता पुस्तकात न सापडणारी गोष्ट. ही अट आपणहून कुणालाच लागत नाही. फॉर्म भरताना उमेदवार घोषणापत्र देतो, छाननीत कागद जागेवर असला की तो पास होतो. नंतर कुणीतरी कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, तेव्हा कुठं चक्र फिरतं. तो 'कुणीतरी' कोण असतो? लोकसंख्येच्या काळजीने झोप उडालेला अर्जदार मला आजवर एकही भेटलेला नाही. पडलेला उमेदवार असतो, बांधाचा वाद असलेला चुलतभाऊ असतो, किंवा दारापुढं गटार झालं नाही म्हणून खुन्नस धरून बसलेला शेजारी असतो. एकाच गल्लीत तीन-तीन मुलं असलेली दोन घरं असतात. एकाचं पद जातं, दुसऱ्याला पाच वर्षं कुणी विचारत नाही, कारण त्याचं भावकीत कुणाशी वाकडं नाही. ज्याला शत्रू आहे त्यालाच नियम लागू, हा मी पाहिलेला पहिला सामाजिक परिणाम. गावात आधीच दोन पॅनल असतात. या अटीने त्यांच्या हातात एक हत्यार दिलं, आणि ते हत्यार म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं लहान मूल.

माझं पहिलं असं प्रकरण मी अर्जदाराकडून लढलो. सरपंचपद महिला राखीव होतं आणि निवडून आलेली बाई चोविशीची. पदरात दोन मुली. तिसऱ्या खेपेला मुलगा होईल या आशेवर घरच्यांनी तिला थांबू दिलं नव्हतं, आणि झाली पुन्हा मुलगीच. बाळंतपण माहेरच्या गावात केलं होतं, म्हणजे इकडं कुणाला कळणार नाही. माझ्या अर्जदाराची बहीण त्याच गावात दिलेली, त्यामुळे कळायचं ते कळलंच. तिकडच्या जन्मनोंदीचा उतारा मी मिळवला आणि सुनावणीत ठेवला. दहा मिनिटांत विषय संपला. बाहेर व्हरांड्यात ती दीड-दोन वर्षांची पोर माझ्या फाईलची लाल नाडी तोंडात घालून चघळत होती. सरपंचबाईंनी ती हळूच काढून घेतली आणि पदराला पुसून मला परत दिली. शेजारी सासू उभी होती. ती त्या पोरीकडं बघून म्हणाली, "हिच्या पायगुणानं सरपंचकी गेली."

निकाल माझ्या बाजूने लागला होता, अर्जदाराने पेढेही आणले होते. पण कायदा करणाऱ्यांनी ज्या कोणाला शिक्षा करायची ठरवली असेल, ती प्रत्यक्षात कुणाच्या वाट्याला आली, हे मला त्या दिवशी दिसलं. निर्णय सासरा, सासू आणि नवरा यांचा. पद गेलं बाईचं. आणि बोल लागला त्या पोरीला, जन्मभराचा.

त्यानंतरची बरीच प्रकरणं कागदांची आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर त्या कागदांतच आहे. अट आली म्हणून तिसरं मूल व्हायचं थांबलं, असं मला फार थोड्या घरांत दिसलं. ते कागदावरून हललं, असं मात्र कितीतरी घरांत दिसलं. हलवायच्या तऱ्हाही ठरलेल्या. जन्म माहेरी नोंदवायचा आणि बापाच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं करायचं. बिनमुलाच्या दिराच्या नावावर मूल लावायचं. किंवा नोंदच करायची नाही, शाळेत घालताना अंदाजाने तारीख सांगायची. एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. गावात जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारा माणूस म्हणजे ग्रामसेवक. ज्याचं पद धोक्यात त्याच्याच कार्यालयातल्या कपाटात ते रजिस्टर असतं. पुढचं मी लिहीत नाही.

मग दुसऱ्या बाजूचा वकील, म्हणजे कधी कधी मीच, शोध घेत फिरतो. उपकेंद्रातलं बाळंतपणाचं रजिस्टर, अंगणवाडीची लसीकरणाची नोंद, रेशनकार्ड, शाळेचं जनरल रजिस्टर. एका प्रकरणात तर फ्लेक्स पुरावा म्हणून आला. सदस्याने धाकट्याच्या पहिल्या वाढदिवसाचा बोर्ड चौकात लावला होता, त्यात तिन्ही मुलं ओळीने आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून अख्खा मित्रमंडळ. फॉर्ममध्ये दोन, फ्लेक्सवर तीन. निव्वळ फोटोवर निकाल लागत नसतो, पण साहेबांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला होता.

हसण्यासारखं एवढंच. ज्या मुलाला दिराच्या नावावर लावलं, त्याचं पुढं काय होतं ते बघा. असाच एक मुलगा अकरावीत असताना माझ्याकडं आला होता. शाळेच्या दाखल्यावर काकाचं नाव बाप म्हणून, आधारवर खऱ्या बापाचं, रेशनकार्डावर तो कुठंच नाही. जातीचा दाखला काढायचा तर वंशावळ जुळेना. दरम्यान काकाला स्वतःची दोन मुलं झाली होती आणि काकूला हा तिसरा वाटेकरी जमिनीत नको होता. खऱ्या बापाने हात वर केले, कारण खरं सांगायचं तर त्याने पूर्वी खोटं घोषणापत्र दिलं होतं हे कबूल करावं लागणार. पोरगा मला विचारत होता, "सर, माझं नाव कुणाच्या मागं लावू?" ज्या सदस्यत्वासाठी हे सगळं केलं त्याची मुदत संपून दहा वर्षं झाली होती. बाप पुढच्या निवडणुकीला उभासुद्धा राहिला नव्हता.

चीनमध्ये याचंच राक्षसी रूप झालं. तिथं एकाच मुलाची अट मोडून झालेल्या मुलाला 'हुकोऊ', म्हणजे कुटुंबनोंदणी, मिळायची मारामार असायची, आणि ती नसली तर शाळा, दवाखाना, नोकरी, प्रवास सगळंच अडतं. २०१० च्या त्यांच्या जनगणनेत अशी नोंद नसलेली माणसं सुमारे १ कोटी ३० लाख निघाली. सगळीच काही या अटीमुळे नव्हती, पण मोठा भाग तिचाच. आपल्याकडं रेशन आणि शाळा या अटीला बांधलेली नाहीत, म्हणून आपलं तिसरं मूल निदान वर्गात बसतं. उद्या सगळ्या योजनांना अट लावली तर ते वर्गातून आणि दवाखान्यातूनही लपवावं लागेल. २०२३ पासून जन्मनोंदीचा कायदा बदललाय. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेशापासून पुढं कित्येक ठिकाणी जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागणार. म्हणजे आता मूल लपवायची किंमत आईबापापेक्षा मुलालाच जास्त मोजावी लागेल.

बायकांच्या बाबतीत थोडं सविस्तर बोलतो, कारण वादात हा मुद्दा कुणी काढत नाही. ग्रामपंचायतीला उभं राहायचं वय २१. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांना राखीव. म्हणजे एका हाताने आपण विशी-तिशीतल्या पोरींना सांगतो की या, कारभार करा. आणि दुसऱ्या हाताने जी अट घालतो ती नेमकी बाळंतपणाच्या वयातल्या बाईलाच टोचते. २००१ च्या आधी पाच मुलं झालेले आजोबा बिनघोर उभे राहतात, कारण त्यांची पाचही मुलं तारखेच्या आधीची. २६ वर्षांची त्यांची नातसून तिसऱ्यामुळे बाद. पुरुषांचीही पदं जातात, नाही असं नाही. पण नवऱ्याला आधी कळलेलं असतं की आपल्याला उभं राहायचंय, तो हिशोबाने वागतो. बाईची उमेदवारी आरक्षणाची सोडत निघाली की आठ दिवसांत घरचे ठरवतात. तिला मूल कधी हवं आणि फॉर्म कधी भरायचा, दोन्ही तिला कुणी विचारलेलं नसतं. निवृत्त सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी आंध्र, हरियाणा, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या पाच राज्यांत या अटीचा अभ्यास केला होता. बायकोला सोडून देणं, मूल देऊन टाकणं, नको असताना गर्भपात करणं, हे सगळं त्यांना तिथं सापडलं. मी वाचलं तेव्हा नवल वाटलं नाही. राज्याची नावं फक्त वेगळी होती.

ऑपरेशनचंही तसंच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के. पुरुषांचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं, हे प्रत्येक सिस्टर सांगते. आकडा जुळवायची वेळ आली की टेबलावर कोण चढतं, ते या दोन आकड्यांत आहे.

मुलींच्या संख्येबद्दल मी जपून बोलणार आहे. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ ला ८०७. पण नीट बघा, मोठी घसरण १९९१ ते २००१ मधली, म्हणजे अट लागू व्हायच्या आधीची. दोष सोनोग्राफीचा आणि मुलग्याच्या हव्यासाचा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्याने केला होता, म्हणजे रोग तेव्हाच ओळखला गेला होता. त्यामुळे अपत्यांच्या अटीमुळे मुली कमी झाल्या, असं कुणी ठोकून सांगितलं तर मी मान्य करणार नाही. एवढंच म्हणेन की मुलगा हवाच असलेल्या घरात तुम्ही आकडा बांधून दिलात, तर त्या आकड्याच्या आत मुलगा बसवायची धडपड वाढते. पूर्वी चौथ्या खेपेपर्यंत वाट बघणारे आता दुसऱ्याच खेपेला 'तपासून घेऊ' म्हणतात. चीनमध्ये २००४ च्या आसपास १०० मुलींमागे १२१ मुलगे जन्माला येत होते. आणि तिथल्या सरकारने १९८४ नंतर बऱ्याच खेड्यांत सवलत काय दिली होती? पहिली मुलगी झाली तर दुसरं मूल चालेल. म्हणजे मुलगी अर्धीच मोजायची, हे खुद्द नियमातच आलं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, वकीलसाहेब, तोटेच सांगताय, मुलं कमी झाली की नाही ते सांगा. झाली. महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं १९९२-९३ मध्ये २.९ होती, १९९८-९९ मध्ये २.५, नंतर २.१, १.९ आणि २०१९-२१ मध्ये १.७. पण २.९ वरून २.५ ही उतरण अट यायच्या आधीच सुरू झाली होती. केरळ आणि तामिळनाडूत अशी निवडणुकीची अट नाही, तिथं २०१९-२१ मध्ये हाच आकडा १.८ होता. मुली शिकल्या, लग्नं उशिरा व्हायला लागली, जन्मलेलं मूल जगेल याची खात्री आली, शेत वाटून वाटून तुकडा उरला. यातलं कुठलंच काम कलम १४ ने केलेलं नाही. चीनचंही तेच. १९७० च्या सुमारास बाईमागे सहाच्या घरात असलेली मुलं एक-मूल धोरण यायच्या आधीच तिनाच्या खाली आली होती. पुढं २०१६ मध्ये दोन मुलांना आणि २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी दिली, तरी २०१६ ला पावणेदोन कोटींच्या वर असलेले जन्म २०२३ ला ९० लाखांवर आले. दार बंद करून माणसं थांबवता येतात, उघडल्यावर परत येतीलच असं नाही. आंध्र प्रदेशाने १९९४ ची पंचायतीची अट २०२४ मध्ये काढून टाकली आणि मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू उलट जास्त मुलं होऊ द्या म्हणायला लागले. मध्य प्रदेश, हिमाचल, हरियाणा यांनी तर पूर्वीच काढली होती. तुमच्या ज्या मित्रांना सक्तीचं आकर्षण आहे त्यांना हेही सांगा की १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. पण त्याच वर्षात देशभर ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक जीप दिसली की उसाच्या फडात शिरायचे. पुढं कित्येक वर्षं सरकारी दवाखान्यात जायचं म्हटलं तरी लोक दचकायचे.

आता दुसरी बाजू, कारण ती नसती तर हा प्रश्न इतकी वर्षं टिकला नसता. पुढाऱ्याने आधी स्वतः करून दाखवावं, हा विचार चुकीचा नाही. आणि मला अशी एक बाई माहीत आहे, पंचायत समितीवर होती, तिला अटीचा खराखुरा उपयोग झाला. दोन मुलींवर थांबायचं तिचं ठरलं होतं, सासू ऐकत नव्हती. ती मला म्हणाली, "वकीलसाहेब, मी सरळ सांगितलं, मला हवंय हो मूल, पण कायदा आडवा येतोय. माझ्यावरचं बालंट सरकारवर गेलं." नाही म्हणायला तिला एक आडोसा मिळाला. असे आडोसे किती जणींना मिळाले ते मोजायचं साधन माझ्याकडं नाही, कारण ज्या घरात तिसरं झालंच नाही ते घर माझ्या ऑफिसात कधी येत नाही. माझ्या अनुभवाचा हा आंधळा कोपरा आहे, तो लक्षात ठेवा.

परिणाम काय होतो हे शिक्षा कशाला बांधली आहे यावर खूप अवलंबून आहे, म्हणून एकाच वाक्यात चांगलं-वाईट सांगता येत नाही. पंचायतीचं पद गेलं तर माणूस उपाशी मरत नाही. नोकरीत ज्यांना अट लागते त्यांच्यातले बहुतेक तसेही एक-दोनवर थांबणारे. पण अनुकंपाचं बघा. ३१ डिसेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला अनुकंपा नियुक्ती नाही, असा नियम झाला. नवरा गेलेला, पदरात तीन लेकरं, म्हणजे ज्या घरात नोकरीची गरज सगळ्यात जास्त तेच अपात्र. अशा एका बाईला मी हे समजावून सांगत होतो, तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "म्हणजे हे धाकटं नसतं तर मला नोकरी लागली असती?" मुलगा तिच्या मांडीवर होता. तसंच दवाखान्याचं. जननी सुरक्षा योजनेचे पैसे आपल्यासारख्या राज्यांत पूर्वी दोनच बाळंतपणांपुरते होते. तिसऱ्या बाळंतपणात जोखीम कमी होते थोडीच? २०१३ मध्ये ती अट काढली, शहाणपण केलं. माझी मोजपट्टी साधी आहे. अट मोडल्याची झळ अट मोडणाऱ्यापर्यंतच थांबते का? पदाच्या बाबतीत निदान थोडी थांबते. रेशन, शाळा, दवाखाना, घरकुल यांना लावाल तर ती सरळ त्या पोरावर जाऊन पडते.

आता तुमच्या वहिनी. घरात कुठले सल्ले चालले असतील ते मी न ऐकता सांगू शकतो. माहेरी बाळंतपण करू, नणंदेच्या किंवा जावेच्या नावावर लावू, नोंद वर्षभर थांबवू, आणि कुणीतरी 'खाली करून टाक' म्हणालं असेल.

पहिलं काम म्हणजे वहिनींना एकट्याने विचारा. सासू नाही, भाऊ नाही, पॅनलप्रमुख तर नाहीच. तुम्ही दीर असाल तर तुमच्या बायकोला किंवा बहिणीला विचारायला सांगा, तुमच्यापुढं त्या बोलणार नाहीत. मूल ठेवायचं की नाही हा त्यांचा आणि डॉक्टरांचा विषय आहे. सदस्यपद वाचवण्यासाठी म्हणून कुणी त्यांना दवाखान्यात नेत असेल तर मध्ये पडा.

मूल ठेवायचं ठरलं तर पद जाणार हे धरून चाला. दत्तक देऊन ते वाचत नाही, हे वर सांगितलंच. कुणी अर्ज केला नाही तर मुदत पुरी होईलही, पण त्या भरवशावर खोटा कागद करू नका. राजीनामा आधीच दिला तर गावात मान राहतो आणि सुनावणीच्या तारखांना पोटुशी बाईची फरफट होत नाही. माझ्या एका पक्षकाराने तसं केलं होतं. पोटनिवडणुकीत त्याच्याच पॅनलची बाई निवडून आली आणि विरोधकांच्या वकिलाची, म्हणजे माझ्या मित्राची, एक फी बुडाली.

दुसरं, पुढं नोकरीचा विचार असेल, वहिनींचा किंवा तुमच्या भावाचा, तर लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनात तिसरं मूल आडवं येणार. ते आज घरात बसून मोकळेपणाने बोलून घ्या, म्हणजे दहा वर्षांनी कुणी त्या मुलाला ऐकवणार नाही.

आणि जन्म जिथं होईल तिथल्या निबंधकाकडं २१ दिवसांच्या आत नोंद करा, खऱ्या आईबापाच्या नावाने, आधारवर आहे त्याच स्पेलिंगने. तेवढ्या मुदतीत पैसे लागत नाहीत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर माहिती तिथूनच जाते, पण सुटी व्हायच्या आधी तो कागद तुम्ही स्वतः डोळ्यांखालून घाला. बापाच्या नावाच्या रकान्यात दुसऱ्या कुणाचं नाव घालायला कुणी सांगत असेल, तर पेन त्याच्या हातात देऊ नका.